गाय, शेळी की कोंबड्या? आधी बाळाचं वय सांगा

पत्र :

ताई, आमची छोटी संस्था आफ्रिका आणि आशियातल्या काही गरीब देशांमध्ये तिथल्या स्थानिक संस्थांना हाताशी धरून काम करते. दोन वर्षांखालचं मूल असलेल्या कुटुंबांना पुढच्या वर्षी जनावरं द्यायची असं ठरलंय आणि आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आमच्या संचालकांना गायच हवी. ‘गाय दिली की घरात दूध आलं, दूध आलं की मूल सुधारलं,’ असं ते प्रत्येक बैठकीत म्हणतात. तिथले सहकारी मात्र सांगतात की लोक दूध-अंडी विकून मोकळे होतात. घरात जनावरं असली की उलट मुलंच आजारी पडतात, असंही कुठंतरी वाचलं. मग कोणतं जनावर द्यावं? विकायला बंदी घालावी का? आणि आपण दिलेल्या जनावरानं मुलाचं पोषण खरंच सुधारलं, हे कळणार कसं?
– एक गोंधळलेली कार्यकर्ती

उत्तर :

तुमच्या संचालकांचं वाक्य ऐकायला छान आहे, पण त्यातल्या प्रत्येक ‘की’पाशी काहीतरी अडतं. गाय मिळाली तरी ती वेळेवर वितेलच असं नाही. ती व्याली तरी दूध घरात राहीलच असं नाही. दूध घरात राहिलं तरी ते सगळ्यात लहान तोंडात जाईलच असं नाही. आणि गेलंच, तर त्याच अंगणातलं शेण आणि शिट त्या मुलाच्या पोटात जाऊन जुलाब सुरू होणार नाहीत, याचीही खात्री नाही. म्हणून आराखडा जनावरापासून सुरू करू नका. बाळाच्या वाटीत काय पडायला हवं ते आधी लिहा आणि तिथून मागे मागे या.

हा माझा एकटीचा संशय नाही. जनावरं देण्याच्या किंवा वाढवण्याच्या १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला होता. उत्पादन वाढलेलं बऱ्याच ठिकाणी दिसलं, पण मुलांच्या प्रकृतीत फरक पडल्याचा पुरावा मोजक्याच ठिकाणी होता. जिथं तो होता तिथं बहुधा एक तर बायकांचा कारभारात मोठा वाटा होता, नाहीतर जनावरासोबत आहाराचं शिक्षणही दिलेलं होतं. नुसतं जनावर दिलं आणि पोषण सुधारलं, अशी उदाहरणं फार थोडी.

मग जनावरांचा नादच सोडावा का? नाही. बाळाचं पोट मुठीएवढं असतं आणि सहा महिन्यांनंतर आईचं दूध एकटं पुरत नाही. गरीब घरात वरचं अन्न म्हणजे बहुतेक ठिकाणी पिठाची पातळ पेज. पोट भरतं, पण त्यातून लोह, जस्त, चांगल्या प्रतीची प्रथिनं फारशी मिळत नाहीत आणि ब-१२ हे जीवनसत्त्व तर वनस्पतीजन्य अन्नातून जवळपास मिळतच नाही. दूध, अंडी, मासळी, मांस यांतला एखादा छोटा घासही ही कसर भरून काढतो. म्हणूनच सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांना रोज काहीतरी प्राणिजन्य अन्न मिळावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय.

केनियातल्या एंबू भागात शार्लट न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दोन वर्षं केलेला शाळेतला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. बारा शाळा घेतल्या. काही शाळांमध्ये मका आणि घेवड्याच्या रोजच्या खाण्यात मांस घातलं, काही ठिकाणी त्यासोबत दूध दिलं, काही ठिकाणी नुसतं तेल वाढवलं आणि काही शाळांना काहीच दिलं नाही. दूध आणि मांस या दोन्ही गटांत मुलांच्या रक्तातलं ब-१२ सुधारलं. उंचीचा थोडाफार फायदा दुधाच्या गटातल्या लहान आणि खुरटलेल्या मुलांना झाला. पण तर्कबुद्धीच्या एका चाचणीत सगळ्यात पुढं गेली ती मांस मिळालेली मुलं, आणि मैदानात जास्त हुंदडणारीही तीच. ही शाळकरी मुलं होती, तुमची बाळं त्याहून लहान आहेत, हे विसरू नका. तरी एक गोष्ट यातून घ्या : ‘प्राणिजन्य अन्न’ हा एकच डबा नाही. दुधात लोह नगण्य असतं. तान्ह्या बाळाला गाईच्या दुधावरच ठेवलं तर रक्तक्षय होतो. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व कमी असतं. ‘दूध आलं की मूल सुधारलं’ हे इथंच लंगडं पडायला लागतं.

आता जनावराकडे येऊ. कोणतं जनावर, हा प्रश्न ऐकला की मी उलट विचारते, बाळ किती महिन्यांचं आहे? उंची खुंटण्याचा सगळ्यात मोठा धोका सहा महिने ते दोन वर्षं या काळात असतो. म्हणजे तुमच्या हातात दीड वर्ष आहे. तुम्ही एक वर्षाची कालवड दिलीत, तर ती माजावर येणार, फळणार, मग नऊ महिने गाभण राहणार, आणि वेत होईपर्यंत सहज दीड-दोन वर्षं जाणार. ज्या बाळाच्या नावानं ती आणली, ते तोवर अंगणात पळायला लागलेलं असेल. पुढच्या भावंडाला तिचा उपयोग होईल, हे खरं. पण मग अहवालात ‘दोन वर्षांखालची मुलं’ असं लिहू नका. दुभती गाय घेतली तर वेळ वाचतो, पण तिची किंमत वाढते. ती कोणी का विकतोय, हाही प्रश्न असतोच, कारण चांगलं दूध देणारी गाय सहसा बाजारात येत नाही. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येतं, आणि अंड्यावर आलेली पुलेट, म्हणजे तरुण कोंबडी, दिली तर थोड्याच दिवसांत घरात अंडं दिसायला लागतं.

गाईचा फायदा होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इथिओपियाच्या ग्रामीण भागातला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घरी गाय असलेल्या कुटुंबातली मुलं दूध जास्त पितात आणि त्यांच्यात खुरटलेपणाचं प्रमाण ७ ते ९ टक्के-अंकांनी कमी असतं, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात पुढं असंही आहे की जिथं जवळ बाजार आहे आणि दूध विकत मिळतं, तिथं स्वतःची गाय असण्याचा हा फायदा बराच ओसरतो. म्हणजे गाय उपयोगी पडते ती मुख्यतः जिथं दूध दुसऱ्या मार्गानं मिळतच नाही तिथं. रवांडानं २००६ पासून ‘गिरिंका’ नावाची सरकारी योजना चालवली. दर गरीब कुटुंबामागे एक गाय द्यायची आणि पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. गाय मिळालेल्या घरांमध्ये दूध पिणं वाढल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं. मात्र तिथं पूर्ण सरकार पाठीशी होतं, आणि गाय देताना कुटुंबाकडे थोडी जमीन आणि गोठा आहे का हे पाहिलं जायचं. तुमच्याकडे काय आहे?

गाय म्हटली की पाणी आणि वैरण आली. दुभत्या संकरित गाईला दिवसाकाठी ५० लिटरहून जास्त पाणी लागतं. २० लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन किती खेपा होतात ते मोजा, आणि त्या खेपा कोण करणार तेही आराखड्यात लिहा. उत्तर ठरलेलं आहे : बाळाची आई, किंवा शाळा चुकवणारी त्याची ताई. आई चाऱ्यापाण्यात अडकली की बाळाला दिवसातून चार वेळा बसून भरवायला कोण राहतं? सहा-सात वर्षांचं भावंड. म्हणजे ज्या बाळासाठी दुधाची सोय केली, त्याचंच भरवणं कमी झालं. पोषणाच्या प्रकल्पातला हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. माझ्या मते गाई वाटणाऱ्या निम्म्या प्रकल्पांचा गाडा इथंच रुततो.

म्हणून तुमच्या वर्णनातल्या कुटुंबांसाठी माझं मत कोंबड्यांच्या बाजूनं आहे. पण ‘प्रत्येकीला पाच कोंबड्या’ असं लिहून मोकळ्या होऊ नका. गणित करा. मोकळ्यावर चरणारी गावठी कोंबडी वर्षाला साधारण ४० ते ६० अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, पिल्लं काढते, त्यांच्यामागे फिरते आणि मग पुन्हा अंड्यावर येते. एका बाळाला रोज एक अंडं द्यायचं तर वर्षाला ३६५ अंडी. म्हणजे सात-आठ माद्या फक्त एका बाळासाठी, आणि उबवायला ठेवायची अंडी वेगळी. पाच कोंबड्यांत रोज अंडं येणार नाही. उबवायची वगळून आठवड्याला तीन-चार येतील, आणि तेवढीही पेजेपेक्षा खूप बरी. पण कागदावर ‘रोज’ लिहिलं असेल तर वर्षाअखेरी तुम्ही खोट्या ठराल.

संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, हे कोणीतरी बैठकीत नक्की सांगेल. ती देते, पण विकतच्या खाद्यावर आणि नियमित औषधपाण्यावर. रोजच्या जेवणाची ददात असलेल्या घरानं कोंबडीला धान्य कुठून घालायचं? मोकळी कोंबडी किडे, खरकटं, सांडलेलं धान्य यांवर भागवते, म्हणूनच ती गरिबाला परवडते. अंडी वाढवायची असतील तर माझ्या मते जास्त कोंबड्या देण्यापेक्षा आहेत त्या जगवण्यावर पैसा घाला. मोकळ्या कळपात निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या दोन महिन्यांत जातात. घार, मुंगूस, पाऊस आणि रोग ही त्याची कारणं. पिल्लांना पहिले काही आठवडे झाकलेल्या टोपलीत ठेवून थोडं खाऊ घातलं, तरी संख्या बदलते.

आणि मानमोडी. राणीखेत रोगाची साथ आली की आठवड्याभरात गावातलं खुराडं न् खुराडं रिकामं होतं. यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात ‘आय-२’ नावाची लस तयार झाली. ती उष्णतेला बऱ्यापैकी टिकते, डोळ्यात एक थेंब टाकून देता येते आणि दर चार महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. मोझांबिक आणि टांझानियातल्या खेड्यांमध्ये गावातल्याच बायका-पुरुषांना शिकवून ती दिली गेली. लसीची सोय आणि ती टोचणारी, माफ करा, टाकणारी व्यक्ती गावात नसेल तर तुम्ही कोंबड्या नाही, पुढच्या साथीची सोय वाटताय. हा खर्च आराखड्यात कोंबड्यांच्या खर्चाच्या वर लिहा.

आता तुमच्या भीतीकडे : जनावरं घरात असली की मुलं आजारी पडतात का? तुम्ही वाचलंत ते खरं आहे, आणि कोंबड्या सुचवतेय म्हणून मलाच ते जास्त सांगायला हवं. लिमा शहरातल्या एका गरीब वस्तीत १९९० च्या सुमारास संशोधकांनी घरात मोकळ्या कोंबड्या असलेल्या रांगत्या-चालत्या मुलांना दिवसभर बसून न्याहाळलं. बारा तासांत सरासरी जवळपास चार वेळा कोंबडीची शिट मुलाच्या तोंडापर्यंत पोचली. झिंबाब्वेच्या खेड्यांतल्या निरीक्षणांमध्येही बाळं अंगणातली माती आणि शिट तोंडात घालताना दिसली. अशा मुलाला सतत उघड जुलाब होतातच असं नाही. आतड्याचं अस्तर मात्र सुजत राहतं, खाल्लेलं नीट शोषलं जात नाही, आणि अंडं खाऊनही वाढ अडते, असा बऱ्याच संशोधकांचा कयास आहे. झिंबाब्वे, बांगलादेश आणि केनियात शौचालय, स्वच्छ पाणी आणि हात धुणं यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले. त्यांत मुलांच्या उंचीवर या सोयींचा परिणाम दिसला नाही. माणसाची विष्ठा दूर केली, जनावरांची अंगणातच राहिली, हे त्याचं एक कारण असू शकतं, असं तेव्हापासून बोललं जातं.

पण यातला सगळ्यात कामाचा धागा इथिओपियाचा आहे. डेरेक हेडी आणि कल्ले हिर्वोनेन या संशोधकांनी २०१६ मध्ये तिथल्या ग्रामीण घरांची आकडेवारी तपासली. कोंबड्या असलेल्या घरातली मुलं उंचीनं थोडी बरी होती. पण रात्री कोंबड्या माणसांच्याच खोलीत कोंडणाऱ्या घरांमध्ये मुलांची उंची कमी होती. म्हणजे फायदा आणि तोटा एकाच पक्ष्यात आहे, आणि काय हाती येतं ते बरंचसं तो रात्री कुठं झोपतो यावर ठरतं. लोक कोंबड्या घरात का घेतात? चोर, कोल्हा, मुंगूस. ‘घरात घेऊ नका’ एवढं सांगून कोणी बाहेर ठेवणार नाही. कडीकोयंड्याचं, जमिनीपासून उचललेलं, घराबाहेरचं खुराडं प्रत्येक कुटुंबाला द्या आणि मगच कोंबड्या द्या.

दिवसा त्यांना जाळीत कोंडायचं का? इथं जरा सांभाळून. लिमातच पुढं एक प्रयोग झाला. काही घरांना कोंबड्यांसाठी जाळीचं कुंपण घालून दिलं. २००६ मध्ये निकाल आला तेव्हा कुंपणवाल्या घरांतल्या मुलांमध्येच कॅम्पायलोबॅक्टर या जंतूचे जुलाब जास्त निघाले. शिट एका जागी साठली आणि मुलं तिथंच घुसली, असं झालं असावं. त्यामुळे मी कोंबड्यांऐवजी बाळाला कुंपण घालण्याच्या पक्षात आहे. रांगत्या बाळाला स्वच्छ चटई आणि भोवती आडोसा, सकाळी अंगण झाडून शिट खड्ड्यात, आणि खुराडं साफ केलेले हात भरवण्याआधी साबणानं धुणं. बाळाचं रांगणं काही महिन्यांचंच असतं, तेवढे महिने सांभाळायचे. मोठ्या जनावरांनाही हेच लागू, फक्त शेण जास्त.

विकण्याबद्दल माझं मत तुमच्या सहकाऱ्यांपेक्षा वेगळं आहे. बंदी घालू नका. तुम्ही ती पाळून घेऊ शकणार नाही, आणि ती घालण्याचा अधिकारही आपल्याला नाही. अंडं विकून आई डाळ, तेल, मीठ, औषध आणत असेल तर तो शहाणा व्यवहार आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा विकल्याचे पैसे तिच्या हातात येतच नाहीत. लहान जनावर बहुतेक ठिकाणी बायकांचं समजलं जातं, मोठं पुरुषांचं. आणि एखादं उत्पादन चांगला पैसा द्यायला लागलं की त्याचा ताबा अलगद पुरुषांकडे सरकतो, हे अनेक देशांत दिसलंय. दूध डेअरीत जायला लागलं की पावती कुणाच्या नावावर निघते ते पाहा. गाईपेक्षा कोंबडी मला बरी वाटते त्याचं हे दुसरं कारण : तिच्याकडे घरातले कर्तेपुरुष सहसा ढुंकून बघत नाहीत.

बंदीपेक्षा वाटा आधी ठरवणं चांगलं. बुर्किना फासोतल्या एका प्रयोगाची युक्ती मला फार आवडते. कोंबड्या कुटुंबाला दिल्याच नाहीत. गावातल्या मान्यवर माणसानं सगळ्यांसमोर त्या मुलांना भेट दिल्या, म्हणजे कोंबडी बाळाची आणि तिचं अंडंही बाळाचं. आयांना दर महिन्याला मार्गदर्शनही होतं. मुलांचं अंडी खाणं खूप वाढलं आणि लुकडेपणा कमी झाला. बाळाची कोंबडी विकायची तर बाप चारदा विचार करेल! उत्तर सेनेगलमध्ये वेगळीच वाट काढली. तिथं डेअरीला नियमित दूध घालणाऱ्या पशुपालक कुटुंबांना त्यांच्या मुलांसाठी लोह-जीवनसत्त्वं मिसळलेलं दही परत मिळायचं. दूध विकलंही जात होतं आणि मुलांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही सुधारत होतं.

विक्रीचा आणखी एक प्रकार असतो, जनावरच विकून टाकण्याचा. त्याला लोकांचा अडाणीपणा म्हणू नका. घरात दाणा नसताना पुढच्या सहा महिन्यांनी दूध देणारी गाय कोण सांभाळेल? बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं २००२ मध्ये अतिगरिबांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात जनावरासोबत काही महिने खर्चापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचत आणि नियमित घरभेटी असं सगळं बांधून दिलं. त्याच घडणीचे कार्यक्रम इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासले गेले. २०१५ मध्ये निकाल आले तेव्हा खाण्यापिण्यावरचा खर्च आणि मालमत्ता वाढल्याचं कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानंही दिसत होतं. तुमच्याकडे पैसे मर्यादित असतील तर कुटुंबं कमी घ्या, पण भत्ता कापू नका.

फिरत्या पशुपालकांचं गणित निराळं आहे. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या यादीत असेल तर नवं जनावर देऊच नका. कोरड्या दिवसांत पुरुष कळप घेऊन चाऱ्यामागे लांब जातात आणि दूधही त्यांच्यासोबत जातं. मागे राहतात बायका आणि लहान मुलं. इथिओपियाच्या सोमाली भागात त्या महिन्यांत घराजवळ ठेवलेल्या मोजक्या दुभत्या जनावरांसाठी चारा पुरवला, तर मुलांना दूध मिळत राहिलं आणि त्यांची प्रकृती ढासळली नाही. मुलं कुपोषित झाल्यावर उपचार करण्यापेक्षा हे स्वस्तही पडलं.

अंड्यावरून एक इशारा देते, नाहीतर माझं ऐकून तुम्ही अंड्यालाच देव कराल. इक्वेडोरमध्ये लोरा इयानोटी यांच्या प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, आणि खुरटलेपणाचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. हा निकाल २०१७ मध्ये आला आणि जगभर गाजला. मग मलावीत साधारण तसाच प्रयोग ६६० बाळांवर झाला, तिथं उंचीवर असा परिणाम दिसला नाही. त्या भागातल्या बाळांच्या खाण्यात मासळी आधीपासूनच होती, हे त्याचं एक संभाव्य कारण. जिथं कमतरता आहे तिथंच भर पडते. तुमच्या गावांत बाळं आत्ता काय खातात हे विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. सुक्या मासळीची भुकटी पेजेत घालणं जिथं शक्य आहे, तिथं कोंबडीची गरजही नसेल.

सुरक्षिततेचं थोडक्यात : सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, घरात गाय असली तरीही. जनावराचं दूध उकळूनच द्यायचं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार आणि गाईंचा क्षय माणसाला होतो. अंडं पूर्ण शिजवून द्यायचं. मेलेलं किंवा आजारी जनावर खायचं नाही. हे सांगणं सोपं आहे आणि भुकेल्या घरात पाळणं अवघड, म्हणून जनावर मेलं तर भरपाईची काहीतरी तरतूद ठेवा. बुरशी लागलेलं धान्य माणसानं खायचं नाही तसं दुभत्या जनावरालाही घालायचं नाही, कारण त्यातलं विष दुधात उतरतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, कळणार कसं? किती जनावरं वाटली हा आकडा छापून येईल, पण त्यातून बाळाबद्दल काहीच कळत नाही. उंचीवर लगेच भरवसा ठेवू नका. ती सावकाश बदलते आणि शंभर-दीडशे मुलांत फरक दिसला तरी तो योगायोग असू शकतो. दंडघेर मोजा, पण तो आजारी मूल हुडकण्यासाठी. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली मूल आलं की लक्ष द्यायचं, साडेअकराच्या खाली तातडीनं उपचाराला पाठवायचं. प्रकल्पाची परीक्षा मात्र एका साध्या प्रश्नावर घ्या : काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळानं काय काय खाल्लं? अंडं, मासळी किंवा मांस यांतलं काही होतं का? आईच्या दुधासकट अन्नाचे आठ गट मानले जातात, त्यांतले निदान पाच पोटात गेले का? हे जनावरं देण्याआधी विचारा, नंतर विचारा, आणि दुष्काळी महिन्यांत तर विचाराच. शेजारच्या, जनावर न मिळालेल्या गावातही विचारा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुमच्या कोंबड्यांना मिळेल. सोबत आईला विचारा की तिच्या दिवसातले किती तास जनावरात जातात. तो आकडा वाढत असेल आणि बाळाच्या खाण्यात फरक नसेल, तर पुढच्या गावात जाण्याआधी थांबा.

संचालकांचं काय करायचं? त्यांच्या गाईला मोठी परंपरा आहे. डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकऱ्यानं युद्धग्रस्तांना दुधाची भुकटी वाटता वाटता ‘कपभर दूध नको, गाय द्या’ असा विचार केला आणि १९४४ मध्ये कालवडींची पहिली खेप पोर्तो रिकोला गेली. तेव्हापासून देणगीदारांच्या डोळ्यांसमोर गळ्यात दोर असलेली गायच येते. फोटोही तिचाच चांगला निघतो, कोंबडी स्थिर उभी राहत नाही. आणि घेणाऱ्याला न विचारता कोंबड्या दिल्या तरी फजिती होते, हेही त्यांना सांगा. २०१६ मध्ये बिल गेट्स यांनी गरीब देशांना एक लाख कोंबड्या द्यायचं जाहीर केलं, तेव्हा यादीतल्या बोलिव्हियानं ‘आमच्याकडे पुष्कळ आहेत’ म्हणत त्या नाकारल्या होत्या.

वाद घालू नका. प्रत्येक गावातून स्थानिक सहकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागवून घ्या : कोरड्या महिन्यांत पाणी किती लांबून आणावं लागतं, जवळच्या बाजारात दूध विकत मिळतं का, आणि लस घेऊन पशुवैद्यक किंवा प्रशिक्षित माणूस शेवटचा कधी आला होता. पाणी दाराशी आहे, बाजारात दूध नाही आणि पशुवैद्यक येतो, अशी गावं निघाली तर तिथं संचालकांना त्यांची गाय खुशाल देऊ द्या, शक्यतो व्यालेली. बाकीच्या गावांच्या यादीसमोर खुराडं, लस आणि भत्ता लिहा आणि तो कागद बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवा.